शिरेवाटे अन्न : आतड्याच्या नाडीव्रणाचा उपचार आणि तो सांगण्याची मराठी

१. लेखाचा हेतू

काही उपचारांचे यश औषधावर जितके अवलंबून असते तितकेच ते घरच्या माणसांना समजण्यावरही असते. आतड्याला भोक पडून त्यातला ऐवज पोटाच्या त्वचेवाटे बाहेर येऊ लागलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे शिरेतून पोसणे, हा त्यांपैकी एक. यात रुग्णाने काय खायचे नाही, किती दिवस खायचे नाही, आणि तरीही तो उपाशी का नाही, हे तीन प्रश्न रोज विचारले जातात. उत्तर नीट मिळाले नाही, तर रात्री पदराआडून वाटी येते आणि दहा दिवसांची मेहनत वाया जाते.

मी शल्यचिकित्सक आहे. लहानपण धारला गेले, व्यवसाय देवासला केला. ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर आलेल्या घराण्यांनी इथे मराठी रुजवली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आली. तेव्हापासून आमच्या घरांत मराठी, शाळेत हिंदी, बाजारात माळवी आणि वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी अशी चार भाषांची वाटणी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, तीतही इंग्रजी संज्ञा बहुतांशी नागरी लिपीत तशाच ठेवल्या आहेत. हा मार्ग व्यवहाराचा आहे. पण संज्ञा नागरीत लिहिली म्हणून ती आजीला कळत नाही. आजीला कळेल असे वाक्य कुणीतरी घडवावे लागते, आणि ते काम लेखकाचे, शिक्षकाचे व भाषेच्या विद्यार्थ्याचे आहे. म्हणून हा विषय मी या वार्षिकासाठी निवडला.

२. ‘फिस्टुला’ला काय म्हणावे?

‘फिस्टुला’ हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ नळी किंवा पावा. शरीरातल्या दोन पोकळ्यांमध्ये, किंवा पोकळी आणि त्वचा यांमध्ये, नसावी अशी वाट तयार झाली की तिला हे नाव देतात. सुश्रुतसंहितेत याच कल्पनेला ‘नाडी’ हा शब्द आहे, कारण स्राव नळीतून वाहावा तसा वाहतो. त्यावरून नाडीव्रण. हिंदी परिभाषेत ‘नालव्रण’ रूढ झाला. म्हणजे लॅटिन, संस्कृत आणि हिंदी या तिघींनी एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवले : नळी.

अडचण पुढे आहे. आजच्या मराठीत नाडी म्हणजे मनगटावर बघतात ती, नाहीतर पायजम्याची. ‘नाडीव्रण’ म्हटल्यावर एका विद्यार्थ्याने मनगटाला झालेली जखम असा अर्थ सांगितला होता, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो बरोबरच होता. दुसरी अडचण अधिक गंभीर. डॉक्टर ‘फिस्टुला’ म्हणतात तेव्हा माळव्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची जाहिरात येते : मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज. भगंदर हाही फिस्टुलाच, पण तो गुदद्वाराजवळचा. सुश्रुताने त्याचे पाच प्रकार वेगळे करून सांगितले आणि क्षारसूत्राची चिकित्सा त्याच परंपरेतून आली. तिथे ती उपयोगी आहे. पोटावर उघडणाऱ्या आतड्याच्या फिस्टुल्याला मात्र ती लागू नाही. दोन्हींना एकच नाव मिळाल्यामुळे नातेवाईक रुग्णाला उचलून भलत्या ठिकाणी नेण्याच्या बेतात असतात. शब्दाची चूक इथे जिवावर बेतते.

मी रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना ‘नाडीव्रण’ वापरत नाही. इथला बहुतेक माणूस शेतीशी दोन पिढ्यांच्या अंतरावर असतो, म्हणून मी म्हणतो, “पाट फुटला आहे.” विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जायचे; बांधाला भोक पडले आणि पाणी वाटेतच बाहेर चालले. एवढ्यावर निम्मे काम होते, कारण पुढचे प्रश्न ऐकणाराच विचारतो : मग मोट थांबवायला नको का? पीक वाळेल त्याचे काय? बांध आपोआप धरेल की नव्याने घालावा लागेल? शस्त्रक्रियेच्या पुस्तकातले प्रश्नही हेच आहेत.

लिखाणात मात्र संज्ञा हवी. तिथे ‘आतड्याचा नाडीव्रण’ किंवा सरळ ‘आतड्याचा फिस्टुला’ लिहावे आणि पहिल्याच उल्लेखाला एका वाक्यात अर्थ सांगावा. या लेखात पुढे मी ‘फिस्टुला’ वापरतो.

३. आतड्यात काय घडते

आपण दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पितो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून आणखी सुमारे सात लिटर द्रव रोज अन्नमार्गात उतरतो. त्यातला जवळजवळ सगळा पुढच्या आतड्यात परत शोषला जातो. वरच्या भागात भोक पडले तर हा परतीचा व्यवहार तुटतो. पाणी, मीठ, पोटॅशियम, बायकार्बोनेट, जस्त आणि प्रथिने बाहेर पडत राहतात. चोवीस तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी स्राव असेल तर फिस्टुला अल्पस्रावी, ५०० हून अधिक असेल तर बहुस्रावी, आणि मधला तो मध्यम. बाहेर आलेल्या रसात पाचके असतात; ती पोटाच्या त्वचेलाच पचवू लागतात. दोन दिवसांत त्वचा भाजल्यासारखी लाल होते.

बहुसंख्य फिस्टुले पोटाच्या एखाद्या शस्त्रक्रियेनंतर होतात : आतड्याचा सांधा उसवतो, किंवा चिकटलेली आतडी सोडवताना इजा होते. आपल्या भागात विषमज्वराने लहान आतड्याला पडलेले भोक आणि आतड्याचा क्षय हीही कारणे भेटतात. क्रोन्सचा आजार, कर्करोग आणि किरणोपचार ही आणखी काही.

फुटलेल्या आतड्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुताने परिस्रावी उदरात पोट उघडून आतड्याच्या भोकाच्या कडा काळ्या मुंगळ्यांकडून चावून घेण्यास आणि मग मुंगळ्यांचे धड तोडून डोकी तशीच ठेवण्यास सांगितले आहे. टाक्याची ही कल्पना आजच्या स्टेपलरच्या नात्यातली आहे. पण भोक शिवणे हा अर्धाच प्रश्न. ज्याच्या अंगात मांस उरले नाही त्याचा टाका धरत नाही. हे कळायला आणि त्यावर उपाय सापडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

धारच्या भोजराजाची एक कथा इथे आठवते. सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त राजाच्या असह्य मस्तकशूळावर ब्राह्मणवेषात आलेले अश्विनीकुमार मोहचूर्णाने त्याला बेशुद्ध करतात, कवटी उघडून आतला लहानसा मासा काढतात आणि ती पुन्हा सांधतात. हा इतिहास नव्हे. ज्या कालिदासाला ही कथा भोजाच्या दरबारात बसवते तो कित्येक शतके आधीचा. लोक शस्त्रक्रियेचा चमत्कार सांगून थांबतात. मला कथेचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. शुद्धीवर आलेला राजा वैद्यांना विचारतो, आता पथ्य काय? उत्तराचे तीन चरण सांगून वैद्य अदृश्य होतात आणि चौथा कालिदास पुरा करतो. त्या चौथ्या चरणात अन्न आहे : स्निग्ध आणि गरम. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पोसायचे कसे, हा प्रश्न त्या कथाकारालाही टाळता आला नाही. आमच्या रुग्णाची अडचण अशी की स्निग्ध आणि गरम अन्न आत टाकावे, तर ते पोटावरच्या भोकातून बाहेर येते.

४. ‘सलाईन’चा हिशेब

“सलाईन चालू आहे ना, मग अशक्तपणा कसा?” हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. माळव्यात ‘बॉटल चढवली’ म्हणतात. बाटली चढली म्हणजे जेवण झाले, अशी समजूत आहे. ती मोडायला गणित पुरते.

सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्याच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, ऊर्जा शून्य. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतात ती ५ टक्क्यांची. तिच्या ५०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. शिरेतून देण्याच्या या साखरेपासून दर ग्रॅमला ३.४ कॅलरी मिळतात, म्हणजे एका बाटलीत ८५ कॅलरी. जेमतेम एका पोळीइतक्या. प्रथिने मुळीच नाहीत.

आता पन्नास किलो वजनाचा रुग्ण घेऊ. त्याला दर किलोला सुमारे ३० कॅलरी धरल्या तर रोज १५०० लागतील. ८५ ने भागा : जवळजवळ अठरा बाटल्या, म्हणजे नऊ लिटर पाणी. इतके पाणी दिले तर फुप्फुसे भरतील. म्हणजे साखर दाट करायला हवी. पण दाट साखरेने हाताची बारीक शीर सुजते आणि बंद पडते. हा पेच अनेक दशके सुटला नव्हता.

दरम्यान शरीर थांबत नाही. जंतुसंसर्ग झालेला उपाशी माणूस स्वतःचे स्नायू जाळतो. लघवीवाटे दिवसाला १५ ग्रॅम नायट्रोजन गेला, तर त्याचा अर्थ सुमारे ९४ ग्रॅम प्रथिने, आणि ओल्या स्नायूच्या हिशेबात जवळजवळ साडेचारशे ग्रॅम मांस. दहा दिवसांत साडेचार किलो. त्यात श्वासाचे स्नायूही आले. अशा रुग्णाला खोकला काढता येत नाही, जखम भरत नाही, आणि शेवटी न्यूमोनिया निमित्त होतो. मृत्यूच्या दाखल्यावर भूक लिहिली जात नाही, एवढेच.

५. मोठ्या शिरेपर्यंत

शिरेतून मीठपाणी देऊन माणूस वाचवता येतो हे १८३२ साली स्कॉटलंडमध्ये टॉमस लाट्टा यांनी पटकीच्या साथीत दाखवले. पाणी झाले, अन्न राहिले. १९५२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक रोबेर ओबानियाक यांनी गळपट्टीच्या हाडाखालून छातीतल्या मोठ्या शिरेत सुई नेण्याची पद्धत सांगितली. हृदयाजवळच्या या महाशिरेत रक्ताचा ओघ इतका मोठा असतो की दाट साखर पडताक्षणी पातळ होते. साठच्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिडच्या साह्याने पाण्यात मिसळून शिरेला सोसेल असे पांढरे मिश्रण तयार केले. ज्या सोयाबीनवर आज माळव्याचा खरीप उभा आहे, त्याचेच तेल.

मग फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना केवळ शिरेवाटे पोसले. १९६८ च्या शोधनिबंधाचे सार असे होते की तोंडात घासही न जाता पिल्ले वाढली, त्यांची हाडे वाढली, वजन वाढले. जिवंत राहणे आणि वाढणे यांतला हा फरक निर्णायक होता. त्याच सुमारास जन्मतः आतडे नसल्यासारखीच असलेली एक तान्ही मुलगीही या मार्गाने वाढू शकली.

फिस्टुल्याच्या रुग्णांना याचा काय लाभ झाला? १९६० साली बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयातील १५७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक दगावले होते. लेखकांनी तीन शत्रू ओळखले : क्षारपाण्याचा असमतोल, कुपोषण आणि जंतुसंसर्ग. १९७३ साली डड्रिक यांच्या गटाने शिरेवाटे पोसलेल्या ६२ रुग्णांचा वृत्तांत दिला. मृत्यू सहा-साडेसहा टक्के, आणि सुमारे सत्तर टक्के फिस्टुले शस्त्रक्रियेविना मिटले. आकडे डोळे दिपवणारे होते. पण विद्यार्थ्यांनी पुढचे पानही वाचावे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने दाखवले की संसर्ग आटोक्यात आला नसेल तर नुसत्या शिरपोषणाने मृत्यू कमी होत नाहीत. आजची समज या दोन्हींना धरून आहे : पू काढल्याशिवाय पोषण लागत नाही, आणि पोषणाशिवाय पू काढलेला रुग्ण तरत नाही.

६. उपचाराचा क्रम

क्रम लक्षात ठेवायला चार शब्द पुरतात : पू, पोषण, पाहणी, पर्याय.

पहिल्या एक-दोन दिवसांत गेलेले पाणी व क्षार भरून काढायचे, आणि पोटात साठलेला पू शोधून बाहेरून नळी घालून काढायचा. त्याच वेळी त्वचा वाचवायची. स्राव पिशवीत गोळा केला की त्वचा वाचते आणि मोजमापही मिळते. त्वचेवर लावायच्या जुन्या उत्तम लेपांपैकी एक कराया डिंकाचा. तो कांडोळ किंवा भुत्या या पांढऱ्या सालीच्या झाडाचा डिंक. मध्य प्रदेशाच्या कोरड्या डोंगरउतारांवरून आदिवासी तो गोळा करतात, आणि १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला कृत्रिम गुदद्वाराभोवतीची त्वचा राखायला तो वापरात आला. आपल्या रानातली वस्तू परदेशी डब्यातून परत आली, असे हे उदाहरण.

दुसरे पोषण. वरच्या पन्नास किलोच्या रुग्णाचा हिशेब असा मांडता येईल : २५ टक्क्यांचे ग्लुकोज एक लिटर, ८५० कॅलरी, १० टक्क्यांचे अमिनो आम्ल ७५० मिलिलिटर, ७५ ग्रॅम प्रथिनांचे ३०० कॅलरी, २० टक्क्यांचे स्निग्ध मिश्रण २५० मिलिलिटर, ५०० कॅलरी. एकूण दोन लिटरांत १६५० कॅलरी. अठरा बाटल्यांचे काम दोन लिटरांत झाले. यात क्षार, जीवनसत्त्वे आणि जस्तासारखी सूक्ष्मद्रव्ये मिसळावी लागतात, आणि फिस्टुल्यातून वाहून गेलेले पाणी व क्षार वेगळे भरून द्यावे लागतात. हे मी शिकवण्यासाठी लिहितो आहे. प्रत्यक्ष प्रमाण रोजच्या रक्ततपासणीवर ठरते.

तिसरी पाहणी : फिस्टुला नेमका कुठून निघाला, पुढे अडथळा आहे का, भोवती गळू आहे का. चौथा पर्याय : आपोआप मिटण्याची वाट पाहायची की शस्त्रक्रिया करायची. जे मिटायचे ते बहुतेक चार ते सहा आठवड्यांत मिटतात. पुढे अडथळा, कर्करोग, क्षयासारखा चालू दाह, आत राहिलेली परकी वस्तू किंवा किरणोपचाराने निकामी झालेले आतडे असेल तर मिटण्याची आशा थोडी. तेव्हाही घाई नको; पोटातली चिकटण सैल पडायला साधारण तीन महिने किंवा अधिक थांबतात.

वाट पाहण्याचे महत्त्व देवासकरांना वेगळे सांगायला नको. १९४८ साली कुमार गंधर्व फुप्फुसाच्या क्षयावर कोरडी हवा मानवेल म्हणून या गावी आले आणि सुमारे पाच वर्षे गाणे बंद ठेवून पडून राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध होते, आणि घरच्यांची सेवा व विश्रांती होती. औषधाने जंतू मारले, पण शरीर भरून यायला वेळ लागला. आमचा फिस्टुल्याचा रुग्णही वेळच मागत असतो. शिरपोषण म्हणजे त्याला दिलेला वेळ.

७. ‘उपाशी’, ‘उपास’ आणि ‘तोंडाने काही नाही’

खाटेवर पाटी असते : निराहार. वाचणाऱ्याला ती रुग्णाला दिलेली शिक्षा वाटते. “पोराला तीन आठवडे उपाशी ठेवलंय,” असे एका आईचे शब्द मी वॉर्डात ऐकले. तिची चूक नव्हती. भाषेने तिला दुसरा शब्द दिला नव्हता. दुसऱ्या एका खाटेपाशी परिचारिकेने समजुतीसाठी ‘उपास समजा’ म्हटले, आणि संध्याकाळी साबुदाण्याची पातळ खीर आली. उपासाला साबुदाणा चालतो, हे तर महाराष्ट्रापासून माळव्यापर्यंत प्रत्येक मराठी घर जाणते. खीर आणणारी मावशी नियम पाळतच होती.

म्हणून मी वाक्य बदलले आहे : “तोंडाने काही नाही, जेवण शिरेतून चालू आहे.” दोन्ही अर्धी एकत्र म्हणायची. पहिले अर्धे एकटे म्हटले की क्रूर वाटते. नंतर मी पिशवीकडे बोट दाखवून त्यातले डाळ, भात, तूप वेगळे करून सांगतो : अमिनो आम्ल ही डाळ, ग्लुकोज हा भात, पांढरे मिश्रण हे तूप. ऐकणाऱ्याचा चेहरा सैल होतो. ‘शिरेतून’ म्हणताना उच्चार नीट करावा, नाहीतर एखादा आजोबा ‘शिऱ्यातून’ ऐकून कधी मिळणार म्हणून विचारतो. ‘नसेतून’ म्हटले तरी चालते. शालेय पुस्तकातली ‘नीला’ मात्र वॉर्डात कुणाला भेटत नाही.

पांढऱ्या पिशवीबद्दल एक गोष्ट लपवू नये. लोक तिला ‘दूध’ म्हणतात. ते दूध नाही. त्यात अंड्याच्या बलकाचा अंश असतो. अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगायला हवे. शाकाहारी किंवा जैन घरांत हे आधी स्पष्ट सांगावे आणि निर्णय त्यांना घेऊ द्यावा. माझ्या अनुभवात बहुतेक जण हो म्हणतात. नंतर कळले तर मात्र राग पिशवीवर न राहता सगळ्या उपचारावर येतो.

पाण्याबद्दलही उलटे वाटेल असे सांगावे लागते. बहुस्रावी फिस्टुल्यात साधे पाणी भरपूर प्यायले तर तहान भागत नाही, वाढते. कारण साधे पाणी आतड्यातून शरीराचे मीठ ओढून घेऊन बाहेर पडते. तोंडाने पाणी देण्याची वेळ आली तर ते मोजून, मीठ-साखर घातलेले. पाटातून नुसते पाणी सोडले की वाफ्यातली माती वाहून जाते, हे उदाहरण इथेही चालते.

८. धोके आणि मर्यादा

मोठ्या शिरेतली नळी हे रक्ताचे उघडे दार आहे. हात न धुता तिला स्पर्श झाला की जंतू सरळ हृदयाच्या दारात. थंडी वाजून ताप आला तर ती वेळ वाट पाहण्याची नाही. पोषणाच्या नळीतून रक्त काढणे किंवा दुसरी औषधे ढकलणे टाळायचे. पिशवी अचानक बंद केली तर रक्तातील साखर घसरते. फार वेगाने दिली तर चढते. महिनोन्महिने चालले तर यकृतावर ताण येतो.

फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर पोसणे घातक ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसले : अन्न मिळाले आणि माणसे दगावली. साखर आत शिरताना रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते, आणि हृदय गडबडते. म्हणून आधी थायमिन, मग थोडे पोषण, मग चढते प्रमाण. वाळलेल्या वाफ्याला एकदम पाट सोडत नाहीत, भिजवत नेतात.

सर्वांत मोठी मर्यादा ही की शिरेतले अन्न आतड्याला मिळत नाही. आतड्याचे अस्तर तोंडावाटे आलेल्या अन्नावरच निरोगी राहते. म्हणून आज नियम असा आहे की जितके आतडे वापरता येईल तितके वापरायचे. फिस्टुला खालच्या भागात असेल तर वरून, आणि वरच्या भागात असेल तर कधी कधी भोकातूनच पुढच्या आतड्यात नळी घालून पातळ अन्न देतात. त्याने शिरपोषण कमी होते किंवा बंद करता येते. धार आणि देवासच्या रुग्णांच्या दृष्टीने याला आणखी एक अर्थ आहे. दोन्ही ठिकाणांहून असा रुग्ण बहुधा इंदूरला जातो, आणि घरचे माणूस महिनाभर मजुरी सोडून तिथे बसते. शिरपोषणाचा रोजचा खर्च मोठा असतो. नळीने दिलेली डाळीची पातळ पेज जिथे चालेल तिथे ती द्यावी, यात शास्त्रही आहे आणि घराचा संसारही.

९. समारोप

या उपचाराची गोष्ट सांगताना मराठीला नवे अवघड शब्द घडवावे लागले नाहीत. पाट, मोट, बांध, डाळ, भात, तूप हे शब्द जवळच होते. संज्ञा नेमकी ठेवावी, पण तिच्या शेजारी एक देशी वाक्य बसवावे, एवढीच माझी सूचना आहे. ‘उपाशी’ आणि ‘उपास’ यांतला फरक जाणणारा माणूस वॉर्डात असेल, तर वाटी पदराआडून येत नाही. आई ती वाटी घेऊन विचारायला येते की आता देऊ का. तिने विचारले म्हणजे समजले. मग एके दिवशी तिला हो म्हणता येते.

स्वाध्याय

१) ‘निराहार’ या पाटीऐवजी लावता येईल अशी दोन ओळींची पाटी मराठीत लिहा. तीच माळवीत लिहा आणि दोन्हींत कोणता शब्द बदलावा लागला ते सांगा.

२) ५ टक्के ग्लुकोजच्या तीन आणि सलाईनच्या दोन बाटल्या, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, दिल्या तर रुग्णाला किती कॅलरी आणि किती मीठ मिळेल? उत्तर आकड्यांत काढा. मग रुग्णाच्या भावाला सांगता येईल अशा तीन वाक्यांत लिहा.

३) ‘नाडी’, ‘शीर’, ‘नस’, ‘नीला’ या शब्दांचे तुमच्या घरातले, शाळेतले आणि दवाखान्यातले अर्थ नोंदवा. कोणत्या दोन अर्थांत गोंधळ झाल्यास रुग्णाला इजा होऊ शकेल?

४) शिरेवाटे स्निग्ध मिश्रण देण्यापूर्वी शाकाहारी कुटुंबाची संमती घेणारा संवाद लिहा. त्यात काही लपवलेले नसावे, आणि भीती घालणारे एकही वाक्य नसावे.